डायला नवी धार लावली की स्लग वर येतो: कारण कसं शोधायचं आणि प्रेस पूर्ण स्पीडला कशी आणायची

भोसरीतल्या एका प्रेस शॉपमध्ये मी बरीच वर्षं सुपरवायझर आहे. ज्या त्रासाने आमची सगळ्यात जास्त कमाई खाल्ली, तो त्रास टिकलीएवढ्या पत्र्याच्या तुकड्याचा होता. भोक पाडल्यावर जो तुकडा, म्हणजे स्लग, डायमधून (खालच्या साच्यातून) खाली पडायला हवा, तो पंचाच्या (वरून भोक पाडणाऱ्या दांड्याच्या) तोंडाला चिकटून वर यायचा, पट्टीवर पडायचा आणि पुढच्या स्टेशनला पार्टमध्ये दाबला जायचा. हाच त्रास तुमच्याकडे दर महिन्याला येत असेल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

आमची डाय (पंच आणि साच्यांचा पूर्ण संच) प्रोग्रेसिव्ह, म्हणजे पट्टी पुढे सरकते तसं एकेका स्टेशनला एकेक काम होत जाणारी, सहा स्टेशनांची. पत्रा १.२ मिमी सीआरसीए (थंड लाटून मऊ केलेलं पोलाद), पट्टीची रुंदी ६० मिमी, पिच (दर स्ट्रोकला पट्टी पुढे सरकते ते अंतर) ४२ मिमी. पहिल्या स्टेशनला ५ मिमीची दोन भोकं, पुढे पायलट (पट्टी नेमक्या जागी धरणाऱ्या पिना) त्याच भोकांत बसतात, शेवटी बेंड आणि पार्टिंग (पार्ट पट्टीपासून कापणं). प्रेस १०० टनी, ठरलेली स्पीड मिनिटाला ६० स्ट्रोक. डाय टूलरूममधून धार लावून आली की पहिल्याच तासात पार्टवर गोल ठसा दिसायचा. ठसा बोटाने फारसा लागायचा नाही, पण पेंट झाल्यावर उठून दिसायचा आणि ग्राहकाकडून डेबिट नोट यायची.

मग ठरलेला क्रम. ऑपरेटर स्पीड ४० वर आणणार. एक हेल्पर पट्टीवर हवेची नळी धरणार, दुसरा टेबलावर पार्ट निवडत बसणार. टूलरूममधले काका म्हणणार, "साहेब, नवी धार आहे, दोन दिवसांत बसेल." आणि खरोखरच दोन दिवसांनी त्रास कमी व्हायचा. स्पीड हळूहळू वर जायची. पुढे दोन-तीन आठवड्यांत बर (कापलेल्या कडेला उरणारा धारदार काठ) यायला लागली की डाय पुन्हा ग्राइंडरवर, आणि पुन्हा पहिल्या दिवसापासून तेच.

काकांचं निरीक्षण बरोबर होतं, हे आधीच सांगतो. नव्या धारेला स्लग जास्त वर येतो, धार किंचित गोल झाली की कमी होतो. चूक एवढीच की आम्ही सगळे हा डायचा स्वभाव समजून बसलो होतो.

आधी हिशेब, कारण त्याशिवाय कोणी दुरुस्तीला वेळ देत नाही

आमच्या मीटिंगमध्ये लाल पेटीतले पार्ट मोजले जायचे. शिफ्टला दीडशे-दोनशे रिजेक्ट. एका पार्टला लागणारा पत्रा म्हणजे ६० गुणिले ४२ गुणिले १.२ मिमी, म्हणजे ३०२४ घन मिमी. लोखंडाची घनता ७.८५ धरली तर जेमतेम २४ ग्रॅम. दोनशे पार्ट म्हणजे पावणेपाच किलो पत्रा, त्यातलाही काही पैसा भंगारात परत मिळतो. आकडा लहान, म्हणून विषय तिथेच संपायचा.

आता दुसरा आकडा बघा. शिफ्टमध्ये सात तास प्रेस चालली, तर ६० च्या स्पीडने २५,२०० स्ट्रोक होतात. ४० ने १६,८००. फरक ८,४०० पार्टचा. हे पार्ट लाल पेटीत दिसत नाहीत, कारण ते बनलेच नाहीत. पण प्रेसचा हप्ता, वीज, ऑपरेटरचा पगार, शेडचं भाडं, सगळं त्या सात तासांना लागलेलंच असतं. त्यावर निवडीला बसवलेली माणसं, आणि ती हवेची नळी. ३ मिमीच्या तोंडातून सात बारची हवा सतत सोडली तर कॉम्प्रेसरला तीन ते चार किलोवॅट लागतात. शिफ्टभर ती नळी चालू ठेवणं म्हणजे एक चांगली मोटर फुकट फिरवणं.

म्हणून माझं मत ठाम आहे. स्पीड कमी करून काम भागवणं हा सगळ्यात महागडा उपाय आहे. तात्पुरता करावा लागतो हे मान्य, पण त्या वेळी फळ्यावर तारीख, वेळ आणि कारण लिहून करा. आमच्याकडे लिहिलं जात नव्हतं, त्यामुळे ४० हीच त्या डायची स्पीड आहे असं नवीन मुलांना वाटायला लागलं होतं.

स्लगला वर कोण ओढतं, खाली कोण धरतं

इथे जरा थांबून समजून घ्या, बाकी सगळं यावर उभं आहे.

५ मिमी व्यासाच्या स्लगचं क्षेत्रफळ १९.६ चौ. मिमी. जाडी १.२ मिमी. वजन ०.१८ ग्रॅमच्या आसपास. पंच सपाट, पत्र्यावर तेल, दोन्ही पृष्ठं एकमेकांना घट्ट चिकटलेली. पंच वर जाताना मध्ये हवा शिरायला वाट नसेल, तर वातावरणाचा दाब स्लगला खालून पंचावर दाबून धरतो. तो दाब दर चौ. मिमीला ०.१ न्यूटन, म्हणजे या स्लगवर जास्तीत जास्त २ न्यूटन. आणि स्लगचं स्वतःचं वजन ०.००१८ न्यूटन. म्हणजे ओढणारा जोर वजनाच्या हजारपट होऊ शकतो.

हे गणित मी कागदावर मांडलं तेव्हा माझीच समजूत बदलली. तोपर्यंत आम्ही सगळे धरून चाललो होतो की स्लग वजनाने खाली पडतो आणि कधीतरी चुकून वर येतो. तसं नाहीच. वजनाचा इथे काही उपयोग नाही. स्लगला खाली धरून ठेवते ती डायच्या भिंतीची पकड. पकड ओढीपेक्षा जास्त असेल तर स्लग राहतो, कमी पडली की वर येतो. पकड आणि ओढ जवळपास सारख्या असल्या की शंभरातला एखादा येतो. हा 'कधीतरी येणारा' स्लग सगळ्यात वाईट, कारण तो पकडता येत नाही.

मग प्रश्न दोनच उरतात. ओढ कशाने वाढली? पकड कशाने कमी झाली? ओढ वाढवणाऱ्या गोष्टी: जाड तेल, आरशासारखं सपाट पंचाचं तोंड, पंचात राहिलेलं चुंबकत्व, जास्त स्पीड. पकड घालवणाऱ्या: जास्त क्लिअरन्स (पंच आणि डाय यांच्यामधली फट), पंच डायमध्ये पुरेसा न शिरणं, डायची सरळ भिंत घासून संपणं, भिंतीला उलटा टेपर (उतार) असणं.

नव्या धारेनंतर त्रास का वाढतो, तेही यात बसतं. ग्राइंड झाल्यावर पंचाचं तोंड एकदम सपाट आणि कड तीक्ष्ण, त्यामुळे हवा शिरत नाही. मॅग्नेटिक चकवर (ग्राइंडरच्या चुंबकी पकडीवर) बसून आल्यामुळे पंच चुंबक झालेला. आणि जेवढा घासला तेवढा आखूड झालेला, म्हणजे डायमध्ये कमी शिरणार. तिन्ही गोष्टी एकाच दिवशी. दोन दिवसांत कड थोडी गोल होते, हवेला वाट मिळते, त्रास कमी होतो.

सुरुवात स्लगपासून करा

डाय उघडण्याआधी खालच्या पेटीतले वीस-पंचवीस स्लग पांढऱ्या कागदावर घ्या. कापडाने पुसा. दहापट भिंगाखाली एकेकाची कड बघा.

कडेवर तीन भाग दिसतील. डायच्या बाजूला थोडी गोल झालेली किनार, मग चकचकीत पट्टा, आणि पंचाच्या बाजूला खरखरीत, फाटलेला भाग. चकचकीत पट्टा म्हणजे जिथे पत्रा खरा कापला गेला आणि डायच्या भिंतीवर घासत गेला. पकड तिथेच असते. मऊ सीआरसीएमध्ये हा पट्टा जाडीच्या एक तृतीयांशाच्या आसपास असावा अशी माझी अपेक्षा असते. आमच्या स्लगवर तो जेमतेम एक पंचमांश होता आणि फाटलेला भाग मोठा, तिरका. क्लिअरन्स जास्त झाल्याची ही खूण.

नंतर मायक्रोमीटर. चकचकीत पट्ट्यावर स्लगचा व्यास घ्या आणि डायच्या भोकाशी ताडून बघा. स्लग डायच्या भोकाएवढा किंवा कणभर मोठा निघाला पाहिजे, तरच तो भिंतीला घट्ट बसतो. आमचा स्लग ५.२७, डाय ५.३०. बोटाने डायमध्ये सोडला तर अडकल्याशिवाय सरळ खाली गेला. ज्या क्षणी तो असा आवाज न करता खाली गेला, त्या क्षणी तीन महिन्यांच्या चर्चेचं अर्धं उत्तर मिळालं.

बर कुठे आहे तेही याच वेळी बघून ठेवा. बर स्लगवर असेल तर पंचाची धार गेली आहे. पार्टच्या भोकाला असेल तर डायची धार गेली आहे. बर भोकाच्या एकाच बाजूला असेल तर धारेचा दोष नाही, पंच आणि डाय एका रेषेत नाहीत. पिलर-बुश (डायचे मार्गदर्शक खांब) आणि प्रेसच्या गिबचा (स्लाइडच्या मार्गपट्ट्यांचा) ढिलेपणा तपासा, नाहीतर कितीही वेळा घासा, आठवड्यात पुन्हा तेच.

प्रेसवर करायच्या तपासण्या

एका वेळी एकच गोष्ट बदला. आम्ही सुरुवातीला तेल, स्पीड आणि शिम (मागे जागा भरायला टाकायची पातळ पत्री) एकाच दिवशी बदललं, त्रास कमी झाला आणि कशामुळे ते कधीच कळलं नाही. पुढच्या ग्राइंडिंगला सगळं परत आलं.

पहिली तपासणी तेलाची, कारण ती पाच मिनिटांची आहे. फुटभर पट्टी दोन्ही बाजूंनी कोरडी पुसा, पंचाचं तोंडही पुसा आणि इंचिंगवर (प्रेस थोडी-थोडी हलवत) सहा-सात स्ट्रोक मारा. स्लग येणं थांबलं तर तेलाची चिकट ओढ हे एक कारण पक्कं. यापेक्षा जास्त कोरडं चालवू नका, धार जाईल. कोरड्यावरही स्लग येत असेल तर तेलाचा नाद सोडा आणि पुढे जा.

दुसरी चुंबकत्वाची. पंच काढून त्याच्या तोंडाला कोरडा स्लग किंवा स्टेपलरची पिन लावून बघा. लटकली तर पंच चुंबक झालेला आहे. डायच्या इन्सर्टचंही (भोक असलेल्या, बदलता येणाऱ्या तुकड्याचंही) तसंच बघा. उपाय साधा आहे: ग्राइंडरवरून उतरलेला प्रत्येक पंच आणि इन्सर्ट डिमॅग्नेटायझरवरून (चुंबकत्व काढणाऱ्या यंत्रावरून) फिरवल्याशिवाय डायमध्ये बसवायचा नाही. आमच्या टूलरूममध्ये डिमॅग्नेटायझर होता, पण त्यावर जुने फिक्स्चर रचून ठेवले होते. आता तो ग्राइंडरच्या शेजारी आहे. तुमचा पत्रा ३०४ स्टेनलेस असेल तर या तपासणीत फार वेळ घालवू नका. तो मुळात चुंबकाला लागत नाही, कापताना कडेला थोडा लागायला लागतो तेवढाच. ॲल्युमिनियम आणि पितळेला तर प्रश्नच नाही, तिथे तेल आणि क्लिअरन्सच बघा.

तिसरी तपासणी पंच किती आत शिरतो याची, आणि माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथेच होतं. पट्टी आत ठेवून प्रेस इंचिंगवर पूर्ण खाली आणा, मग वर घ्या. मेन स्विच बंद, फ्लायव्हील थांबलेलं, स्लाइडखाली (प्रेसच्या वर-खाली होणाऱ्या भागाखाली) सेफ्टी ब्लॉक. आता पट्टी सरकवून डेप्थ व्हर्नियरने डायच्या तोंडापासून स्लगचा वरचा पृष्ठ किती खाली आहे ते मोजा. तेवढाच पंच आत शिरतो आहे. आमच्याकडे ०.४ मिमी निघाला. ड्रॉइंगवर १.५ होता.

हा १.१ मिमी गेला कुठे? थोडा ग्राइंडिंगमध्ये. पंच दर वेळी घासला गेला, पण त्याच्या मागे तेवढी शिम टाकायची ती टाकली नव्हती. उरलेला सेटिंगमध्ये. आमचे दोन डायसेटर, दोघेही मेहनती. एक जण शट हाइट (स्लाइड पूर्ण खाली असतानाची उंची) ड्रॉइंगप्रमाणे लावायचा, दुसरा 'डायवर जोर नको' म्हणून स्लाइड थोडी वर ठेवायचा आणि बेंडचा कोन बरोबर येतो का एवढंच बघायचा. एका शिफ्टला त्रास कमी, दुसऱ्याला जास्त, याचं कोडं आम्हाला कित्येक आठवडे सुटलं नव्हतं. ऑपरेटरवर उगाच संशय घेतला गेला, त्याचं मला आजही वाईट वाटतं.

पंच किमान पत्र्याच्या जाडीएवढा आत गेला पाहिजे, स्लगचा त्रास असलेल्या भोकाला त्याहून थोडा जास्त. पण फार जास्तही नको. जितका खोल, तितकं पंचाच्या बाजूंना घासणं वाढतं आणि स्ट्रिपरवर (पंचावरून पत्रा सोडवणाऱ्या प्लेटवर) भार येतो.

चौथी तपासणी डायच्या भिंतीची. कापणाऱ्या कडेखाली काही मिमी भिंत सरळ असते, त्याखाली भोक मोठं होत जातं म्हणजे स्लग मोकळे पडतात. दर ग्राइंडिंगला ही सरळ भिंत कमी होते. ती संपत आली की पहिला स्लग धरायला काही उरत नाही. इन्सर्ट उलटा करून व्हर्नियरने मोजा. नवीन वायरकट (विजेच्या तारेने कापलेला) इन्सर्ट असेल तर वरचा आणि खालचा व्यास दोन्ही घ्या. टेपर उलटा लागून वरचं तोंड मोठं आणि खालचं लहान झालेले इन्सर्ट मी स्वतः पाहिले आहेत. त्यात स्लग वरच्या बाजूलाच ढिला होतो आणि खाली गच्च बसतो, म्हणजे दोन्हीकडून मार.

क्लिअरन्सचा खरा पेच

आमच्या ५.३० च्या इन्सर्टची गोष्ट सांगायलाच हवी, कारण ते चुकून झालं नव्हतं.

वर्षभरापूर्वी पंच वारंवार तुटत होते. भोक पाडायला लागणारा जोर तसा फार नाही. घेर १५.७ मिमी, जाडी १.२ मिमी, मऊ पत्र्याची कातरताकद ३०० न्यूटन प्रति चौ. मिमी धरली तर साधारण ५,६५० न्यूटन, म्हणजे अर्ध्या टनाच्या थोडं वर. पण वर येताना पत्रा पंचाला घट्ट धरून ठेवतो आणि बाजू घासल्या जातात. क्लिअरन्स वाढवला तर ही पकड कमी होते, पंच जास्त टिकतो. म्हणून कोणीतरी विचार करूनच ५.०० च्या पंचाला ५.३० ची डाय केली. एका बाजूला ०.१५ मिमी, जाडीच्या १२.५ टक्के. पंच टिकायला लागले आणि स्लग यायला लागले. दोन घटनांमध्ये काही महिन्यांचं अंतर, म्हणून कोणी संबंध जोडला नाही.

क्लिअरन्स जास्त असला की कापताना स्लग थोडा वाकतो, पंचाचा जोर सुटला की सरळ होताना भिंतीपासून आकसतो. कमी असला की स्लग भिंतीत गच्च बसतो, पण धार लवकर जाते. जुन्या पद्धतीत एका बाजूला पाच टक्के धरायचे, हल्ली बरेच जण आठ-दहापर्यंत जातात आणि पंचाच्या आयुष्यासाठी ते योग्यही आहे. पण जास्त क्लिअरन्स घेतलात तर स्लग धरायची सोय वेगळी करावी लागते, हे त्याच वेळी ठरलं पाहिजे.

आम्ही आठ टक्क्यांवर आलो. १.२ च्या आठ टक्के म्हणजे एका बाजूला ०.०९६, डाय ५.१९. नवीन इन्सर्ट डी-२ पोलादात, ६० एचआरसीच्या (कडकपणाचं माप) आसपास कडक केलेले. पहिल्याच स्ट्रिपच्या स्लगवर चकचकीत पट्टा रुंद दिसला आणि मायक्रोमीटरवर स्लग डायएवढाच निघाला.

काय केलं, आणि कशाचा उपयोग झाला नाही

क्रम असा होता. आधी डिमॅग्नेटायझर सुरू केला, खर्च शून्य. मग पंचामागे शिम टाकून १.५ मिमी आत नेला. एवढ्यावर स्पीड ४० वरून ५० ला गेली. इन्सर्ट बदलल्यावर ५५. शेवटचे पाच स्ट्रोक पंचातल्या स्प्रिंग पिनने मिळवून दिले.

ही पिन पंचाच्या मधून जाते, तोंडाबाहेर साधारण मिलिमीटरभर डोकावते आणि मागे बारीक स्प्रिंग असते. कापताना आत दबते, पंच वर निघाला की स्लगला खाली ढकलते. पिन मध्यापासून जरा बाजूला असेल तर आणखी चांगलं, कारण स्लग एका कडेने सुटतो आणि हवा लगेच शिरते. ५ मिमीच्या पंचात हे जमतं. २ मिमीच्या पंचात पिन घालायचा हट्ट करू नका, पंचच कमजोर होईल. तिथे पंचाच्या तोंडाला थोडा उतार किंवा मध्ये हलका खोलगटपणा देऊन बघा, किंवा पकड डायच्या बाजूने वाढवा: डायच्या भिंतीत समोरासमोर दोन बारीक तिरक्या चरा, काही शतांश मिमी खोल. स्लगच्या कडेला तेवढा उंचवटा येतो आणि चर तिरकी असल्यामुळे खाली जाताना तो अडकतो. टूलरूममध्ये कार्बाइडचा स्पार्क लावायचं यंत्र असेल तर भिंत किंचित खरखरीत करूनही चालतं.

इथे एक इशारा. पकड वाढवताना खालची वाट मोकळी आहे ना ते आधी बघा. डाय प्लेट, बॉटम प्लेट, पॅरलल (त्याखालचे आधार), बोल्स्टर (प्रेसचं टेबल), प्रत्येक पुढचं भोक आधीच्यापेक्षा मोठं हवं. मध्ये पायरी राहिली की तिथे स्लग कमानीसारखे अडकतात, वर थर लागतो आणि एक दिवस पंच तुटतो किंवा इन्सर्ट फुटतो. स्लग वर येण्यापेक्षा हे नुकसान कितीतरी मोठं.

उपयोग झाला नाही अशा गोष्टींमध्ये पहिली हवेची नळी. तिने पट्टीवर पडलेला स्लग उडतो, पण तो कुठे जाईल याचा नेम नाही. आमचा एकदा पायलटखाली गेला. जास्त तेल मारणं हे तर उलटंच, ओढ वाढते. पंचाचं तोंड एमरीने खरखरीत करणं चार तास पुरतं. डायच्या खालून हवेने ओढून घेण्याची सोय मात्र चांगली, विशेषतः अगदी बारीक स्लगसाठी, फक्त हवेचा खर्च हिशेबात धरा.

आणि एक सेन्सर लावला. स्लग पट्टीवर राहिला की स्ट्रिपर पूर्ण खाली बसत नाही, स्लगच्या जाडीएवढा वर राहतो. स्ट्रिपरशी एक प्रॉक्झिमिटी सेन्सर लावून प्रेसच्या कंट्रोलला जोडला की त्याच स्ट्रोकला प्रेस थांबते. हजार पार्ट खराब होण्याऐवजी एक होतो. नळी धरायला आणि निवडीला लावलेल्या दोन माणसांच्या पगाराशी ताडलं तर हा खर्च किरकोळ आहे. आता ते दोघे दुसऱ्या प्रेसवर सेटिंग शिकत आहेत.

हाताने स्लग काढू नका

हे सगळ्यात आधी लिहायला हवं होतं. स्पीड कमी आहे, स्लग दिसतो आहे, बोटाने टिचकी मारली की उडेल, असं वाटतं आणि हात आत जातो. आमच्या पट्ट्यात चहाच्या टपरीवर अंगठा किंवा दोन बोटं नसलेला माणूस भेटणं नवलाचं नाही. तो माणूस बहुतेक वेळा चांगला कामगार असतो, उत्पादन थांबू नये म्हणून घाई केलेला. यंत्राच्या धोकादायक भागाला कुंपण असलंच पाहिजे हा नियम कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम २१ पासून चालत आलेला आहे. ते कागदावर आहे म्हणून नाही, तर त्या बोटांसाठी पाळा. दोन हातांची बटणं, समोर लाइट कर्टन (हात आत आला की प्रेस थांबवणारा प्रकाशाचा पडदा), आणि स्लग काढायचा तर प्रेस बंद करून, सेफ्टी ब्लॉक लावून, पितळी ब्रशने किंवा चुंबकाच्या काडीने. मालकांनाही माझी विनंती आहे: हेल्परला 'जरा हात घालून बघ' असं कधीही म्हणू नका.

पुन्हा येऊ नये म्हणून

प्रत्येक डायला एक कार्ड केलं. त्यावर शट हाइटचा आकडा, पंच किती आत शिरला पाहिजे तो आकडा, आणि दर वेळी किती घासलं व किती शिम टाकली. घासल्याचा आणि शिमचा आकडा जुळला नाही तर डाय टूलरूममधून बाहेर पडत नाही. सेटरने अंदाजाने शट हाइट लावायची नाही, कार्डावरचा आकडा लावायचा. याचा आणखी एक फायदा झाला: सेटिंगचा वेळ कमी झाला, कारण लावून बघ, पार्ट काढ, पुन्हा लाव हे चक्र थांबलं. शिगेओ शिंगो यांनी १९६९ मध्ये टोयोटात १००० टनी प्रेसचं चार तासांचं सेटिंग आधी दीड तासावर आणि नंतर तीन मिनिटांवर आणलं. त्यामागे प्रेस थांबण्याआधीच तयारी करून ठेवणं तर होतंच, शिवाय असं 'जुळवून बघणं' काढून टाकणंही होतं. आमचं अजून तीन मिनिटांच्या जवळपासही नाही, पण दिशा तीच आहे.

स्लगचा विषय मिटल्यावर पट्टीकडे लक्ष गेलं. स्लग येत असताना पायलट चुकायचे, म्हणून पट्टीच्या कडेला जरा जास्त पत्रा ठेवला होता. फीड स्थिर झाल्यावर रुंदी ६० वरून ५८.५ केली. अडीच टक्के. शिफ्टला २५,२०० पार्टना सुमारे ५९८ किलो पत्रा लागतो, त्यातले १५ किलो वाचले. ज्या रिजेक्शनवर आम्ही तासन्‌तास बोलायचो त्याच्या तिप्पट. कडेची पट्टी जाडीएवढी तरी राहिली पाहिजे, नाहीतर ती तुटून आत जाते. तेवढं सांभाळून प्रत्येकाने आपल्या लेआउटकडे एकदा बघावं.

आता डाय प्रेसवरून उतरते तेव्हा शेवटची स्ट्रिप आणि पाच स्लग एका छोट्या पिशवीत कार्डाला बांधून टूलरूममध्ये जातात. काका आधी पिशवी उघडतात, स्लग भिंगाखाली धरतात, आणि मग ठरवतात की पंच घासायचा, इन्सर्ट बदलायचा, की डाय तशीच परत रॅकवर ठेवायची.